साइन म्हणजे खिसा

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. दुबईत ऊद मेथा भागातल्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवताना माझा आवाज दोन वर्ग पलीकडे ऐकू जातो आणि मुलं मला पाठीमागे ‘प्रेशर कुकर’ म्हणतात. मला सगळं कळतं. पण माझ्याकडून सगळ्यात जास्त बोलणी ज्यानं खाल्ली, तो विद्यार्थी शाळेतला नव्हताच. तो होता बेचाळीस वर्षांचा, डोक्यावरचे केस विरळ झालेला, हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग असलेला माझ्या नवऱ्याचा, विलासचा, मावसभाऊ. भानुदासभावजी.

भावजी इस्लामपूरकडचे. सातवीनंतर शाळा सुटली, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये पाइप कापायला शिकले आणि त्र्याऐंशी साली बायकोला, सगुणाला, गावी ठेवून रुवैसला आले. रुवैस म्हणजे अबूधाबीच्या पार पश्चिमेला, रिफायनरीचं गाव. तिथे एका काँट्रॅक्टरकडे ते पाइप फॅब्रिकेटर होते. म्हणजे लांबच लांब पाइप मापात कापायचे, वळणाला तिरके छाटायचे आणि एकमेकांना असे भिडवायचे की मध्ये नखही जाऊ नये. चौदा वर्षं तेच काम. कॉलेजातून आलेले इंजिनियर ड्रॉइंग घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि म्हणायचे, "भानुभाई, जरा देखो ना, ये बैठेगा क्या?" भावजी डोळे बारीक करून बघायचे आणि सांगायचे, "अर्धा इंच कमी पडेगा." आणि अर्धा इंचच कमी पडायचा!

महिन्यातून दोनदा ते आमच्याकडे दुबईला यायचे. गुरुवारी दुपारी कंपनीच्या बसनं अबूधाबी, तिथून शेअर टॅक्सी. येताना माझ्या लेकीसाठी, पर्णिकासाठी, चॉकलेट आणि माझ्यासाठी खजूर. शुक्रवारी पोटभर आमटी-भात खाऊन, विलासशी गावाकडच्या गप्पा मारून परत. कधी कुणाकडे काही मागितलं नाही.

सत्त्याण्णवच्या सप्टेंबरमध्ये मात्र आले ते चेहरा पाडून. खजूर नाहीत, चॉकलेट नाही. जेवताना भात नुसता चिवडत बसले.

"काय झालं हो, भावजी?" मी विचारलं.

"वहिनी, कंपनीत नवीन रूल आलाय," ते म्हणाले. "सगळ्या फॅब्रिकेटर लोकांनी लेखी टेस्ट द्यायची. अबूधाबीला, ट्रेनिंग सेंटरमध्ये. इंग्लिशमधून. शंभरात साठ पाहिजेत. नाहीतर हेल्परच्या ग्रेडवर टाकणार."

"आणि हेल्पर व्हायचं नसेल तर?"

"तर व्हिसा कॅन्सल. खलास." त्यांनी ताट बाजूला सारलं. "हेल्पर म्हणजे काय, माहितीय ना? ज्या पोरांना मी काम शिकवलं, त्यांच्या मागनं पाइप उचलत फिरायचं. त्यापेक्षा घरी गेलेलं बरं. पण सगुणाला काय सांगू? चौदा वर्षं पाइप कापला आणि आता कापायला येत नाही म्हणतात, असं सांगू?"

माझं डोकंच फिरलं. ज्याच्या हाताखाली निम्मं रुवैस तयार झालं, त्याला म्हणे परीक्षा! मी हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाले, "बसा. आत्ता. वही घ्या."

विलास जबल अलीच्या वेअरहाउसमधून दमून आलेला, सोफ्यावर आडवा. तो म्हणाला, "भान्या, पळ! अजून वेळ गेली नाही."

पहिला धडा म्हणजे नुसता तमाशा. मी सिलॅबस पाहिला. पायथागोरस, साधी समीकरणं, साइन-कोसाइन, क्षेत्रफळ. आमच्या नववीतली पोरं हसत सोडवतील. मी काटकोन त्रिकोण काढला, समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन थीटा, असं तीनदा सांगितलं. भावजी मान हलवत होते. मी विचारलं, "सांगा, साइन म्हणजे काय?"

"सही," भावजी म्हणाले.

"डोंबल तुमचं!" मी पेन आपटलं. "अहो, लक्ष कुठंय? सही नाही हो, साइन! साइन थीटा!"

ते बिचारे खाली मान घालून बसले. पर्णिकाची वही झाली, माझं पुस्तक झालं, कशातच काही जमेना. तासभर मी ओरडले. शेवटी माझाच घसा बसला आणि मी पाणी प्यायला उठले.

परत आले तर भावजी ओट्याशी उभे. कोशिंबिरीची काकडी हातात, तिच्याभोवती वहीचा कागद घट्ट गुंडाळलेला. त्यांनी सुरी घेतली आणि कागदासकट काकडी तिरकी कापली. सप्प! एक घाव.

"अहो, हे काय चाललंय?"

"काही नाही, वहिनी. तुम्ही तिरकी बाजू तिरकी बाजू म्हणत होता, म्हणून आठवलं. आम्ही टेम्प्लेट काढतो ते असंच." त्यांनी कागद उलगडून टेबलावर ठेवला. "पाइप तिरका छाटायचा झाला की आधी कागदावर ही रेघ काढायची, कागद पाइपला गुंडाळायचा आणि त्या रेघेवरनं कापायचं."

नऊ वर्षांची पर्णिका खुर्चीवर चढून बघत होती. ती ओरडली, "आई, लुक! इट्स अ वेव्ह!"

मी बघितलं. कागदाची कापलेली कड वर जात होती, खाली येत होती, पुन्हा वर. मी धावत जाऊन आलेखवही आणली, कॅल्क्युलेटर काढला, भराभर बिंदू मांडले, जोडले आणि भावजींचा ओला कागद त्या रेषेवर ठेवला. चढ-उतार अगदी तसाच, फक्त लहान-मोठा!

"भावजी!" मी किंचाळलेच. "हा साइन! हाच साइन! साइनचा आलेख असाच दिसतो!"

"हा?"

"हाच!"

"मी रोज काढतो तो?"

"रोज काढता तो!"

ते खुर्चीत बसले. कागद हातात घेऊन असे हसायला लागले की डोळ्यांत पाणी आलं. "चौदा वर्षं साइन कापतोय मी," ते म्हणाले, "आणि मला वाटत होतं, मी पाइप कापतोय!"

त्या दिवशी मला कळलं, की ह्या माणसाला गणित शिकवायचं नाहीये. ते त्याच्या हातात आहे. त्याला फक्त नावं सांगायचीत. आणि नावं माणसांची असतात, म्हणून मी माणसं सांगायला लागले.

पायथागोरस पाच मिनिटांत संपला. त्यांच्या शॉपमध्ये कोपरा काटकोनात आहे का, हे टेपनं बघतात. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट, तिरकं पाच आलं की कोपरा बरोबर. "त्याचं नाव पायथागोरस होय?" भावजी म्हणाले. "आम्ही त्याला नुसतं थ्री-फोर-फाइव्ह म्हणतो. भला माणूस!"

आकडेमोडीला तर मला बोलायची सोयच नव्हती. चौदा इंची पाइपाचा घेर विचारला, की डोळे मिटून, "चौदा त्रिक बेचाळीस, वर सातवा हिस्सा दोन, चव्वेचाळीस." साडेतीननं गुणायचं असलं, की थेट औटकी. "सोळा औटे छप्पन!" माझ्या वर्गातली पोरं कॅल्क्युलेटरचं झाकण उघडेपर्यंत ह्यांचं उत्तर तयार. आजोबांनी वेताची छडी घेऊन पाठ करून घेतली होती म्हणे, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत.

बीजगणिताला मात्र ते बिचकले. क्ष दिसला, की पाय मागे घ्यायचे. मी सांगितलं, की बगदादमध्ये बाराशे वर्षांपूर्वी अल-ख्वारिज्मी नावाचा विद्वान होता. त्यानं पुस्तक लिहिलं, त्या पुस्तकाच्या नावात ‘अल-जब्र’ असा शब्द होता आणि त्यावरूनच अल्जिब्रा. जब्र म्हणजे मोडलेलं सांधणं.

भावजी ताडकन उठले. "वहिनी! आमचा मोहिद्दीन, बसचा ड्रायव्हर, त्याचा हात मोडला होता ना! हॉस्पिटलात त्याच्या हाताला फळी बांधली, तिला तो इजिप्तचा मिस्री कंपाउंडर जबीरा म्हणत होता. जबीरा, जबीरा!"

"तेच! त्याच घरातला शब्द!"

"म्हणजे अल्जिब्रा म्हणजे हाड बसवणं?"

"हो! क्षमधून पाच तुटलेत, तर दोन्हीकडे पाच घाला. बसलं हाड!"

मग काय विचारता! दर समीकरणाला भावजी विचारायचे, "ह्याचं कुठं मोडलंय?" आणि झटक्यात बसवायचे. मी शाळेतही तसंच शिकवायला लागले. पोरांना वाटलं, प्रेशर कुकरला झालंय तरी काय!

सिलॅबसमध्ये नसलेली माणसंही त्यांना हवी असायची. गाउसची गोष्ट सांगितली, की तो शाळकरी असताना त्यानं एक ते शंभरची बेरीज म्हणे क्षणात केली होती. दोन आठवड्यांनी भावजी सांगत आले, "वहिनी, यार्डात पाइपांची रास आहे. खाली वीस, वर एकोणीस, असं करत टोकाला एक. स्टोअरवाला एकेक मोजत होता. मी लांबनं सांगितलं, वीस गुणिले एकवीस, त्याचं निम्मं, दोनशे दहा. हबीबी, पाहिजे तर मोज! त्यानं मोजले. दोनशे दहा!" ऑयलर आणि सात पुलांचं कोडं सांगितलं, तर ह्यांनी मोहिद्दीनला घेऊन टाक्यांमधल्या लोखंडी पुलांवर, कॅटवॉकवर फिरून बघितलं. प्रत्येक पुलावरून एकदाच जायचं. जमेना. मग विषम संख्येनं वाटा मिळतात असे चौक मोजले, चार निघाले, आणि दोनापेक्षा जास्त असले तर जमतच नाही, हे कळल्यावर आनंदानं परत आले. काम न जमल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

एकदा पर्णिकानं विचारलं, "बट आई, आर देअर नो गर्ल्स?" तेव्हा मी सोफी जर्मेनबद्दल सांगितलं. पुरुषाच्या नावानं पत्रं लिहून गणित करणारी, थरथरणाऱ्या पत्र्यांचं गणित मांडणारी बाई. भावजी गंभीर झाले. "पत्रा थरथरतो तो मला हाताला कळतो," ते म्हणाले. "तो कागदावर मांडायचा म्हणजे बाई जबरदस्त."

आणि साइन. साइनची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. आपल्याकडे आर्यभटाच्या काळी त्याला ज्या म्हणायचे, म्हणजे धनुष्याची दोरी. तिचंच दुसरं रूप जीवा. तो शब्द अरबांकडे गेला, त्यांनी तो जीबा म्हणून घेतला. पण अरबी लिहिताना असे स्वर लिहीत नाहीत, नुसतं ज आणि ब. पुढे कुणीतरी ते वाचलं ‘जैब’.

"जेब? हिंदीतला जेब?"

"तोच! कपड्याची घडी, खिसा. त्यावरून लॅटिनमध्ये सायनस केलं, घडी ह्या अर्थानं, आणि त्याचा झाला साइन."

भावजींनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला टेम्प्लेटचा कागद काढला. "म्हणजे साइन म्हणजे खिसा! आणि मी तो खिशातच ठेवत होतो!"

आम्ही पोट धरधरून हसलो. मी तर त्या वाचणाऱ्या विद्वानाची फार टर उडवली. "बघा, भावजी, समोर दिसतंय ते आपल्याच ओळखीचं आहे असं समजून बसला बावळट! जरा विचारायचं कुणाला! म्हणून मी सांगते, बाई म्हणते म्हणून काही खरं मानायचं नाही. उत्तर आलं, की ताडून बघायचं. कुणाचंही असो."

"कुणाचंही?" भावजींनी विचारलं.

"माझंसुद्धा!" मी ठणकावून सांगितलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी ते टेस्टचं पत्र घेऊन आले. ऑफिसनं अरबी पत्र तसंच हातात दिलं होतं. अरबी अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण आकडे? आकडे तर आपलेच! इथूनच गेले, हे मी दरवर्षी वर्गात छाती फुगवून सांगते. दुबईत सगळीकडे शेजारी इंग्रजी आकडे असतातच, त्यामुळे नुसते अरबी आकडे वाचायची वेळ कधी आली नव्हती, पण त्यात काय मोठं? दोन तर अगदी आपल्या दोनसारखा.

"बावीस तारीख," मी वाचलं. "म्हणजे शनिवार. आणि दुपारी एक वाजता. हा बघा, एक. अगदी आपल्या देवनागरीतला एक! आहे की नाही कमाल? कुठे आर्यभट आणि कुठे अबूधाबी!"

भावजींनी पत्र हातात घेतलं. जरा वेळ बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आता शंका नको!" मी म्हणाले. "एक म्हणजे एक. शेवटचे दोन सराव पेपर राहिलेत, यल्ला, वही काढा."

त्यांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली.

बावीस तारखेला मी शाळेत होते. दुपारी एक वाजला तेव्हा मी दहावीच्या वर्गात खडू खाली ठेवला आणि मनातल्या मनात म्हटलं, बसले असतील आता भावजी. मोडलेलं बसवा, खिसा विसरू नका. पोरांना काही कळेना. संध्याकाळी रुवैसच्या कॅम्पवरून फोन आला. "झाली, वहिनी. इन्शाल्ला पास होईन." एवढंच. फोनचं कार्ड संपलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी दार वाजलं. भावजी, हातात बंद पाकीट. चेहरा असा, जसा डॉक्टरकडे रिपोर्ट घ्यायला आलेल्या माणसाचा असतो.

"काल मिळालं," ते म्हणाले. "उघडलं नाही. तुमच्या हातानं उघडा."

विलास सोफ्यावरून उठून उभा राहिला. पर्णिका माझ्या कोपराला चिकटली. पाकीट फाडलं, कागद काढला. पुन्हा नुसतं अरबी. खाली चौकटीत ठळक दोन आकडे.

१०.

मी पुन्हा बघितलं. एक आणि शून्य. दहा.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शंभरात दहा! आणि मग माझा नेहमीचा राग आला, पण तो कुणावर काढावा तेच कळेना. "गाढवं आहेत!" मी ओरडले. "पेपर तपासणारे गाढव आहेत! ह्या माणसाला दहा? मी जाते अबूधाबीला. विलास, गाडी काढ! नाही, चूक माझीच. मीच गोष्टी सांगत बसले. ऑयलर कशाला, सोफी कशाला, धडपणे पेपर सोडवून घ्यायचे तर..." आणि मला रडूच फुटलं. सगुणाला काय सांगणार आता? मी कागद पाठीमागे धरला. भावजींना दाखवायची हिंमत होईना.

"वहिनी, द्या तो," भावजी शांतपणे म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात पुढे होता. "मला बघू द्या."

मी दिला. त्यांनी वाचला. ओठ हलले. आणि मग तो बेचाळीस वर्षांचा माणूस आमच्या हॉलमध्ये टुणकन उडाला!

"पंच्याण्णव!" ते ओरडले. "वहिनी, पंच्याण्णव!"

"काय? अहो, कुठे? दहा आहे तो!"

"दहा नाही, हो! हा नऊ. आपल्या एकसारखा दिसतो, पण ह्यांचा नऊ. आणि हा गोल म्हणजे पाच. ह्यांचा शून्य नुसता टिंब असतो. चौदा वर्षं गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचतोय मी. पंच्याण्णव!"

विलासनं त्यांना उचललं. पर्णिका "नाइन्टी-फाइव्ह! नाइन्टी-फाइव्ह!" करत घरभर नाचली. मीही हसत होते, डोळे पुसत होते, साखरेचा डबा शोधत होते. आणि डबा हातात असतानाच मी थबकले.

एकसारखा दिसतो, पण नऊ.

"भावजी," मी म्हणाले. "ते टेस्टचं पत्र. मी एक वाचला होता."

भावजी हसायचे थांबले. "हां."

"म्हणजे टेस्ट नऊ वाजता होती."

"सकाळी नऊ. हां."

"मग तुम्ही कधी गेलात?"

"पावणेनऊला हजर होतो. मोहिद्दीनच्या सहाच्या बसनं."

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढलाच. "मी चुकले, हे तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

ते ओशाळून पायांकडे बघायला लागले. "तुम्ही रागावला असता. आणि मला तरी कुठं पक्कं होतं? तुम्ही शाळेतल्या बाई, मी सातवी. वाटलं, पत्रात वेगळं लिहीत असतील. मग बसून विचार केला. वहिनी खऱ्या असल्या आणि मी नऊला गेलो, तर चार तास बाकावर बसेन. पण मी खरा असलो आणि एकला गेलो, तर नऊ काही परत येत नाहीत. म्हणून नऊलाच गेलो. तुम्हीच म्हणाला होता ना, कुणाचंही असो, ताडून बघायचं. तुमचंसुद्धा."

मी साखरेचा डबा हातात घेऊन उभी. ज्या वाचणाऱ्याला मी बावळट म्हणून हसले होते, तो आमच्याच घरात, ऊद मेथाच्या शाळेतली डबल ग्रॅज्युएट बाई होऊन बसला होता. आणि हा माणूस माझ्या रागाला भिऊन गप्प राहिला होता. थोडा कमी शहाणा असता, तर माझ्या एका ‘शंका नको’पायी त्याच्या हातचं काम गेलं असतं.

"माझं चुकलं, भावजी," मी म्हणाले. आयुष्यात फार वेळा म्हटलेलं नाही, त्यामुळे विलास चमकून बघायला लागला.

"जाऊ द्या हो," भावजी म्हणाले. "साखर आणताय ना?"

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी दहावीच्या फळ्यावर दोन आकडे शेजारी शेजारी काढले, आपला एक आणि अरबी नऊ, आणि पोरांना सगळी गोष्ट सांगितली. माझ्या चुकीसकट. मग मी समीकरण सोडवायला घेतलं. तिसऱ्या ओळीला पहिल्या बाकावरच्या अस्मीनं घाबरत घाबरत हात वर केला. "मिस, आय थिंक... दॅट स्टेप इज राँग."

आधीची मी असते, तर अशी तडकले असते की पोरगी बाकाखाली गेली असती. मी खडू तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "ये. दाखव." ती पुढे आली, पाच मिनिटं फळ्यावर झगडली, आणि मी तोंडातून अवाक्षर न काढता उभी राहिले. माझी ओळ बरोबरच होती, ते सोडा.